दौऱ्यावर न्यायला टॅब कोणता घ्यावा आन् त्यात नेट कोणाचं टाकावं

मागच्या मे महिन्यात जिंतूरच्या पुढं एका रानात उभा होतो, ठिबकची आखणी करायची होती. म्हणजे बांधाच्या कडेकडेनं चालत जायचं, टॅबवर एकेक कोपऱ्याला खूण करायची, मग ॲपच सांगतं एकर किती, गुंठे किती, मेन लाइन कुठून न्यायची. फोनचा हॉटस्पॉट चालू, टॅबला नेट एकदम फुल, पण तो निळा ठिपका काही केल्या रानात येईना, तो दाखवायलाय पुण्यात. दोनदा टॅब बंद करून चालू केला, ॲप काढून परत टाकलं, उन्हात अर्धा तास गेला आन् शेवटी टेप घेऊन सगळं रान मोजलं. टॅब फक्त वायफायवाला होता आन् त्यात जीपीएसच, म्हणजे उपग्रहावरून जागा ओळखणारी सोयच, नव्हती. घेताना दुकानात विचारलं होतं मी, तर म्हणले हॉटस्पॉट दिला की सगळं चालतंय. सगळं चालत नाही, आन् हे १८-२० हजार घालवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं म्हणून हे लिहायलोय.

माझं काम असं की महिन्यातले १२-१५ दिवस परभणी, हिंगोली, नांदेड, बीड असं फिरणं, कधी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई, आन् वर्षातून एकदा घरच्यांना घेऊन लांबची यात्रा. तर टॅब घेताना लोक आधी कंपनी बघतात, मग स्क्रीन, मग रॅम, आन् सिमचा विचार बिल झाल्यावर करतात. माझं म्हणणं आहे की उलटं करा. आधी सिमचं ठरवा, त्यावरून मॉडेल आपोआप ठरतं.

सिमवाला घ्यायचा का वायफायवाला, हे एकाच प्रश्नावर ठरवा: टॅब ज्याच्या हातात राहणार त्याच्याजवळ चांगला नेटवाला फोन कायम असणार का, आन् तो फोन दिवसभर हॉटस्पॉट देऊ शकेल का? तुम्ही एकटेच वापरणार, फोन खिशात, दिवसातून दोन-तीनदा मेल बघायचे आन् रात्री लॉजवर पिक्चर बघायचा, तर वायफायवाला घ्या, पैसे वाचवा, सिमच्या भानगडीत पडूच नका. पण टॅब आई-वडिलांच्या हातात जाणार असंल, किंवा क्रूझर गाडीत मागं बसलेल्या पोरांच्या, किंवा रानात सहा-सहा तास काम करायचं असंल, तर सिमवालाच.

आमच्या अण्णांचं सांगतो. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरला गेले आई आन् ते, दोन हजार किलोमीटरच्या वर प्रवास, दीड दिवस गाडीतच. वाटेत लंगर मिळतो त्यामुळं जेवणाची काळजी नव्हती, काळजी होती ती करमणुकीची, म्हणून मी माझा तो वायफायवाला टॅब दिला आन् आईच्या फोनवर हॉटस्पॉट कसा चालू करायचा ते कागदावर लिहून दिलं. झालं असं की थोडा वेळ टॅब वापरला नाही की फोनचा हॉटस्पॉट आपोआप बंद पडायचा (बऱ्याच फोनला ती सेटिंग असती, हॉटस्पॉटच्या आत जाऊन ती बंद करावी लागती), मग परत चालू करायचा, आन् त्यात फोन तापला, संध्याकाळपर्यंत बॅटरी १५ टक्क्यावर. फोनच बंद पडला असता तर त्यांच्याशी बोलणंच बंद. ज्येष्ठ माणसाला देताना हा धोका लक्षात घ्या, हॉटस्पॉट देणारा फोन हाच त्यांचा एकमेव फोन असतो.

आता पैशाचं. सॅमसंगच्या साध्या टॅबमधी वायफायवाला आन् सिमवाला यात फरक साधारण दोन-तीन हजाराचा असतो, तिथं फार विचार करू नका, सिमवाला घ्या. ॲपलचं गणित वेगळं आहे. २०२५ च्या मार्चमधी ए१६ चिपवाला आयपॅड आला तो १२८ जीबी वायफाय ३४,९०० ला आन् सेल्युलर ४९,९०० ला. पंधरा हजाराचा फरक! तेवढ्यात एक बऱ्यापैकी ५जी फोन येतो, त्यात वेगळं सिम टाकून तो नुसता हॉटस्पॉटसाठी बॅगेत ठेवला तरी परवडतं, आन् वेळेला तो दुसरा फोन म्हणून कामाला येतो. म्हणून आयपॅडच पाहिजे असंल आन् जीपीएसची गरज नसंल तर मी वायफायवाला आयपॅड आन् जुना किंवा स्वस्तातला फोन हीच जोडी सांगतो. घरात ड्रॉवरमधी पडलेला जुना ४जी फोन असतोच की, बॅटरी धड असंल तर तोच काढा.

पण जीपीएसची गरज असंल तर थांबा. आयपॅडमधी जीपीएस फक्त सेल्युलर मॉडेलला असतं, वायफायवाल्याला नाही, ही गोष्ट बॉक्सवर कुठं मोठ्या अक्षरात लिहिलेली नसती. वायफायवाला आयपॅड आजूबाजूच्या राउटरवरून अंदाजे जागा काढतो, शहरात ते बरं चालतं, रानात राउटर कुठून आणणार. अँड्रॉइडमधी कंपनी-कंपनीवर आहे. सॅमसंगच्या ए९ प्लसच्या वायफायवाल्यात सुद्धा जीपीएस आहे, शाओमी पॅड ६ मधी नाही, एवढा चांगला टॅब असून नाही. त्यामुळं गाडीत रस्ता बघायला, रान मोजायला, पीक पाहणीला टॅब वापरणार असाल तर स्पेसिफिकेशनमधी जीपीएस हा शब्द स्वतः शोधा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. आन् एक लक्षात घ्या, जीपीएस चालायला नेट लागत नाही. गुगल मॅपमधी जिल्ह्याचा नकाशा घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवला की टॉवर नसला तरी ठिपका बरोबर चालतो, रस्ताही दाखवतो.

सिमवाल्या टॅबमधी पण दोन जाती आहेत. सॅमसंगच्या आपल्याकडं मिळणाऱ्या सिमवाल्या टॅबवर साधा कॉल लागतो, मेसेज येतात. आयपॅडच्या सिमवर फक्त नेट चालतं, साधा कॉल नाही, आन् त्या नंबरवर आलेला ओटीपी आयपॅडवर दिसत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नव्या आयपॅडला सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न टाकता यंत्राच्या आतच चालू होणारं सिम. आन् आपल्याकडं आहे तो नंबर ई-सिमवर घ्यायचा म्हणजे त्याच नंबरवरून मेसेज पाठवायचा, त्याच नंबरवर उत्तर यायचं. म्हणून आधी साधं सिम घ्या, ते फोनमधी टाका, चालू झालं की तिथून ई-सिमची मागणी करा, मग क्यूआर कोड आयपॅडवर स्कॅन करा. हे सगळं प्रवासाच्या चार दिवस आधी, घरी बसून. स्टेशनवर उभं राहून हे होत नाही.

यूपीआयचं बरेच जण विचारतात. यूपीआय ॲप चालू करताना त्या यंत्रातूनच बँकेला मेसेज जावा लागतो, त्यामुळं वायफायवाल्या टॅबवर ते होत नाही, पैशाचं काम फोनवरच ठेवा, आन् खरं तर प्रवासात दहा जणांच्या हातात फिरणाऱ्या टॅबवर बँक नसलेलीच बरी. व्हॉट्सॲपला अडचण नाही, फोनला जोडलेलं यंत्र म्हणून टॅबवर चालतं, आयपॅडसाठीचं ॲप पण २०२५ मधी आलं.

मॉडेलचं थोडक्यात सांगतो कारण नवीन येत राहतात, जुने निघून जातात. एसटीत, रेल्वेच्या वरच्या बर्थवर, एका हातात धरून बघायचा असंल तर ८-९ इंची घ्या. सॅमसंगचा ए९ हा ८.७ इंची आहे, साधारण ३३० ग्रॅम, आन् त्याचा मोठा भाऊ ए९ प्लस ११ इंची, ४८० ग्रॅम. हा दीडशे ग्रॅमचा फरक कागदावर काही वाटत नाही, परभणी ते मनमाड हातात धरून बघा मग कळतं. नकाशे, पीडीएफ, एक्सेल, पोरांचा अभ्यास असंल तर ११ इंचीच, छोट्यावर डोळे दुखतात. रॅम ४ जीबीच्या खाली जाऊ नका, दोन-तीन वर्षं वापरायचा तर ६ किंवा ८ बघा. मेमरी कार्डाची खाच असली तर प्रवासात फार उपयोग होतो, पिक्चर आन् कीर्तनं सगळी कार्डात. आयपॅडला ती सोय नाही, तिथं सुरुवातीलाच मेमरी जास्तीची घ्यावी लागती. आन् रानात, धुळीत, पावसात काम असंल तर सॅमसंगचा एस९ एफई बघा, त्याला धूळ-पाण्यापासून आयपी६८ संरक्षण आहे आन् पेन डब्यातच येतो. महाग आहे, पण काळ्या रानातली धूळ चार्जिंगच्या भोकात गेली की काय होतं ते मी बघितलंय.

स्वस्तातल्या अनोळखी कंपनीचा टॅब घेताना एक गोष्ट तपासा, वाइडव्हाइन एल१ (पिक्चरची चोरून कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या संरक्षणाची वरची पातळी) आहे का. नसला तर नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर स्क्रीन कितीही भारी असू द्या, चित्र ४८०पी या कमी बारकाव्यावरच अडकतं, धूसर दिसतं. प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फो नावाचं ॲप आहे, दुकानातच टाकून बघा, दोन मिनिटाचं काम.

दुबईहून किंवा अमेरिकेहून कोणी आणून देतो म्हणतंय? सिमवाला असंल तर घेऊ नका बँड, म्हणजे तो कोणत्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल पकडतो ते, बघितल्याशिवाय. आपल्याकडं ४जी साठी ३, ५, ८, ४० हे बँड कामाचे, ५जी साठी एन२८ आन् एन७८. यातला ५ किंवा ८ नसला तर शहरात चालंल, पण खेड्यात लांबच्या टॉवरचा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवरच पोहोचतो, तिथं टॅब मुका होतो.

आता नेट कोणाचं, आन् इथं मी जरा आग्रही आहे. फोनमधी ज्या कंपनीचं सिम आहे त्या कंपनीचं टॅबमधी टाकू नका. फोन जिओ असंल तर टॅबला एअरटेल, फोन एअरटेल असंल तर जिओ, किंवा तुमच्या वाटेवर चालत असंल तर बीएसएनएल. लोक म्हणतात एकाच कंपनीचं घेतलं की फॅमिली पोस्टपेडमधी स्वस्त पडतं. पडतं, मान्य आहे. पण दोन्ही एकाच टॉवरवर असले तर एक गेला की दुसरापण गेला, मग दोन सिमचे पैसे कशाला भरायले? अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या काठी, घोड्याच्या नालेसारख्या दरीत आहेत, खाली उतरलं की एकाचा सिग्नल जातो, दुसऱ्याचा एखादी कांडी धरून राहतो. माहूरगडाच्या वाटंवर, किनवटच्या जंगलात, कन्नडच्या औट्रम घाटात पण असंच. कोणत्या वळणावर कोणाचा राहील हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून दोन वेगवेगळे पाहिजेत. यात्रेला चार फोन आन् एक टॅब असंल तर आधी बसून वाटून घ्या कोणाकडं कोणतं.

वाटेवर कोणाचं नेट चालतं हे कसं बघायचं? कंपन्यांना आता त्यांचा कव्हरेज नकाशा वेबसाइटवर टाकावा लागतो, ट्राय या दूरसंचार नियामकाचा नियम आहे, त्यात तुमच्या गावाचं, सासुरवाडीचं, रानाचं नाव टाकून बघा. पण त्या नकाशावर घराच्या आतलं कळत नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्या रोडवर रोज जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला नाहीतर दूधवाल्याला विचारा, दोन मिनिटात सांगतात कोणत्या पुलापासून कोणाचं नेट जातं. बीएसएनएलचं जुन्या अनुभवावरून ठरवू नका, २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं स्वदेशी ४जी देशभर सुरू झालंय, त्यामुळं एकदा महिन्याचं रिचार्ज मारून स्वतः बघा. पसंत पडलं नाही तर नंबर पोर्ट करता येतो, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येती, पण त्या कंपनीत ९० दिवस झाल्यावरच; पोर्ट लिहून पुढं आपला नंबर टाकून १९०० ला मेसेज.

किती नेट लागतं याचा अंदाज असा धरा: ४८० वर व्हिडिओ तासाला अर्धा ते पाऊण जीबी खातो, चांगल्या एचडीवर दोन-तीन जीबी सहज जातात. म्हणजे रोज २ जीबीच्या प्लॅनवर ४८० ला तीनेक तास, एचडीला एक पिक्चरपण पुरा होत नाही, मग स्पीड ६४ केबीपीएसवर येतो आन् पोरं रडायला लागतात. टॅब हातात आल्याबरोबर यूट्यूबच्या सेटिंगमधी मोबाइल नेटवर डेटा सेव्हर लावा, आन् ॲपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. हे दोन केलं की निम्मं नेट वाचतं.

अनलिमिटेड ५जी चं मात्र नीट समजून घ्या. जिओ-एअरटेलचं अनलिमिटेड ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्याच्या वरच्या प्लॅनवर मिळतं, आन् तेही टॅब ५जी असंल तर आन् तुम्ही ५जी टॉवरखाली असाल तरच. तुमचा टॅब ४जी वाला असंल तर त्या महाग प्लॅनचा काही उपयोग नाही, छोटा प्लॅन मारा. परभणी, नांदेड, लातूर शहरात ५जी मिळतं, गाव सोडून पुढं गेलं की परत ४जी. म्हणून मी खेड्यापाड्यात फिरणाऱ्याला ५जी टॅबसाठी जास्तीचे पैसे मोजायला सांगत नाही.

रिचार्ज मारताना नुसता डेटा पॅक मारू नका, बऱ्याच डेटा पॅकला खाली एक मूळ प्लॅन चालू असावा लागतो, तो संपला की वरचा डेटापण अडकतो. वर्षातून दोन-तीनदाच प्रवास करणार असाल तर टॅबसाठी वेगळं सिम ठेवायचा खर्च बघा, कारण सिम ९० दिवस काहीच वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. प्रीपेडवर किमान २० रुपये बॅलन्स असला तर तेवढे कापून ३० दिवस पुढं ढकलतात, म्हणून ५०-१०० रुपयाचा टॉकटाइम टाकून ठेवत जा.

वैष्णोदेवी, अमरनाथला निघालेल्यांनी हे वाचाच: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमधी चालत नाही. पोस्टपेड चालतं. गाडी तिकडं शिरली की नेटवर्क गायब होतं आन् लोकांना वाटतं फोन बिघडला. दोन-तीन आठवडे आधी एक नंबर, टॅबचाच करा, पोस्टपेडला बदलून घ्या, त्या हॉटस्पॉटवर सगळ्यांचे व्हॉट्सॲप चालतील. नाहीतर तिथं ओळखपत्र दाखवून तिथलं सिम घ्यावं लागतं.

रेल्वे स्टेशनवरच्या फुकट वायफायवर फार भरवसा ठेवू नका, दिवसाला अर्धा तासच फुकट मिळतं आन् ओटीपीला फोन नंबर लागतो, पण मनमाडला गाडी बदलायला थांबलात तर मेल बघायला चांगलं आहे. गाडीतल्या चार्जिंगचं बघा, रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, त्यामुळं जेवणाआधीच टॅब लावून द्या. पॉवर बँक १०,००० ची टॅबला एकदाच पुरती, २०,००० ची घ्या. विमानानं जाणार असाल तर ती हातातल्या बॅगेतच.

आपल्याकडच्या उन्हाचा विचार कोणी करत नाही. ॲपल स्वतः सांगतं आयपॅड ३५ डिग्रीपर्यंतच वापरा. आपला मे ४२-४३ चा, आन् बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याच्या कितीतरी वर. टॅब तापला की आधी उजेड कमी होतो, मग चार्जिंग थांबतं, मग तापमानाची सूचना येऊन बंदच होतो. रानात जाताना मी टॅब सुती रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवतो, पाण्याच्या बाटलीपासून लांब, आन् दुपारी १२ ते ४ आखणीचं काम घेतच नाही.

एक गोष्ट माझ्या साडूच्या अनुभवावरून. बसस्टँडवर त्यांचा टॅब गेला, वायफायवाला. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चोरीला गेलेलं यंत्र ब्लॉक करता येतं, पण त्याला आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा ओळख नंबर लागतो, आन् वायफायवाल्या टॅबला आयएमईआय नसतोच. सिमवाल्याला असतो. बिलावर तो लिहून घ्या आन् बिलाचा फोटो फोनमधी ठेवा, टॅबमधी नाही.

दुकानात गेल्यावर एवढं करा: आपलं सिम काढून टॅबमधी टाकायला मागा, नाही म्हणले तर दुसरं दुकान. कॉल लावून बघा लागतो का. मग दुकानाच्या बाहेर उघड्यावर या, वायफाय बंद करा, मॅप उघडा आन् रस्त्यानं पन्नास पावलं चाला. ठिपका तुमच्यासोबत चालला तर बिल करा.